लाल मंजन

मुकुंद गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनगटावरचे त्याच्या नखांचे ओरखडे अजून भरले नव्हते. मंगळवारची दुपार, मी ऑफिसात. त्याची बायको रेवती "संपलं रे, सुहास..." एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मी टेबलावर मूठ आपटली, इतक्या जोरानं की शेजारी बसणारी मुलगी दचकून उभी राहिली. दाढ दुखून माणूस मरतो? अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमध्ये, घरापासून दहा मिनिटांवर हॉस्पिटल असताना, सेहेचाळिसाव्या वर्षी? आता सहा आठवडे झाले, राग तसाच आहे. त्यातला बराचसा माझा माझ्यावरच आहे, आणि तो का, हे सांगायलाच लिहायला बसलो आहे.

नागपूरला इंजिनीअरिंगची चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली. मुकुंदचे दात म्हणजे हॉस्टेलचा अभिमान होता. सोड्याच्या बाटलीचं झाकण तो दातांनी उडवायचा, अख्खी सुपारी दाढेखाली फोडायचा. एकदा मेसमध्ये मारामारी झाली, तिघांनी त्याला धरून ठेवलं, तर हा एकाच्या दंडाला असा चावला की त्या पोराला टाके पडले. सगळं श्रेय तो लाल दंतमंजनाला द्यायचा. अमेरिकेत आला तरी ते सुटलं नाही. भारतातून परतताना बॅगेत आधी मंजनाचे डबे जायचे, मग रेवतीच्या साड्या. बोटानं खसाखसा घासायचा, पचकन थुंकायचा, पांढऱ्या बेसिनमध्ये लाल ओघळ. त्याची सई सात-आठ वर्षांची असेल, बाथरूमच्या दारात उभी राहून घाबरून म्हणाली, "बाबा, इज दॅट ब्लड?" तो खदखदून हसला. "मंजन आहे गं." मी पॅसेजमध्येच होतो, मीही हसलो. तुझ्या बाबाला रक्तबिक्त येत नसतं, असंही वर म्हणालो. हिरड्यांतून रक्त येतच असणार, तेव्हापासूनच. लालात लाल मिसळून जात होतं आणि आम्ही दोघं हसत होतो.

त्याच सुमाराची गोष्ट. मी आयुष्यात पहिल्यांदा दात साफ करून घेतले आणि चार दिवसांनी माझा खालचा एक दात हलतोय असं मला वाटलं. रेवतीनं मुकुंदचीही अपॉइंटमेंट घेतली होती. मी त्यांच्या डायनिंग टेबलावर बसून, पोहे खात, मोठ्या अधिकारानं सांगितलं, "क्लीनिंगच्या नादी लागू नको बे. मशीन लावलं की दात ढिले होतात." एवढं एक वाक्य. त्यानं अपॉइंटमेंट कॅन्सल केली. पुढे दर सहा महिन्यांनी क्लिनिकचा मेसेज यायचा आणि तो दर वेळी कॅन्सल करायचा. रेवती भांडली की म्हणायचा, सुहासला विचार.

तो गेला त्याच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी मी त्याच्याकडे गेलो तर त्याचा जबडा सुजलेला, तोंडात घास कोंबल्यासारखा आवाज. लवंग धरली आहे, म्हणाला. मी इमर्जन्सीत चल म्हणून ओढत होतो, त्यानं माझा हात झटकला. "सोमवारी दाखवतो यार. माझे दात आहेत, तुझे नाहीत." शनिवारी सकाळी रेवतीचा फोन आला, मी धावत पोचलो. त्याचा गळा छातीपर्यंत सुजून टणक झाला होता. जीभ वर ढकलली गेली होती, लाळ गळत होती, श्वास घेताना घरघर. तो टी-शर्टचा गळा फाडत होता, पाय झाडत होता, कॉफी टेबलाची काच फुटून त्याच्याच टाचेत घुसली. अँब्युलन्स येईपर्यंत मी त्याला बसवून धरून ठेवलं आणि त्यानं माझ्या मनगटात नखं रुतवली. डोळे माझ्यावर रोखलेले... ते मला अजून झोपू देत नाहीत. हॉस्पिटलात श्वासासाठी गळ्याला भोक पाडलं. मग मान दोन्ही बाजूंनी चिरली, पू काढला. पू छातीत उतरला होता. हिरडीखालून सुरू झालं आहे, डॉक्टर म्हणाल्या, बऱ्याच वर्षांचं दिसतंय.

तिसऱ्या आठवड्यात मी स्वतः दात साफ करायला गेलो आणि त्या खुर्चीत बसून तिथल्या बाईला विचारलं, मशीननं दात हलतात का? तिनं शांतपणे आरशात दाखवलं. हिरडीखाली कीटण साचतं, ते घरच्या घासण्यानं निघत नाही, त्याच्या आडोशानं आतलं हाड झिजत जातं. दात आधीच ढिला झालेला असतो. कीटण काढलं की तो आपल्याला कळतो, इतकंच. म्हणून दुखत नसतानाच यायचं, ती म्हणाली. मला तिथेच ओरडावंसं वाटलं.

तिथून थेट रेवतीकडे गेलो आणि तिला सगळं सांगितलं. ती उठली. बाथरूममध्ये गेली, मंजनाचा अर्धा डबा आणला आणि माझ्या तोंडावर फेकला. भुवई फुटली. मग ती दोन्ही हातांनी मला मारत राहिली, मी मारू दिलं. शर्टवर मंजन किती आणि रक्त किती, मलाही सांगता आलं नसतं. "निघ," ती म्हणाली.

गेल्या आठवड्यात तिचाच मेसेज आला. सईची अपॉइंटमेंट आहे, मला त्या क्लिनिकच्या दारात पाय टाकवत नाही, तू ने. सई आता पंधरा वर्षांची आहे. ती खुर्चीत तासभर माझा हात धरून होती, त्याच मनगटाजवळ. घरी सोडलं तशी ती बाथरूममध्ये गेली. त्या बेसिनच्या कडेला अजून एक लाल कड आहे, रेवतीनं ती घासलेली नाही. सईनं चूळ भरली, थुंकली, आणि वाकलेलीच राहिली.

"काका, इज दॅट ब्लड?"

रेवती माझ्या मागे येऊन उभी होती.

"हो बेटा," मी म्हणालो. "रक्त आहे."