सखूआत्याचा डावा हात

काष्टीहून तार आली तेव्हा मी नगरच्या शाळेत वर्गावर होते. सखूआत्या गेली होती. त्याला आता महिना होईल. दुपारच्या एसटीने पोचले तोवर बायका तिला शेवटची आंघोळ घालायला बसल्या होत्या. मी पाणी ओतू लागले. पुसताना आईने आत्याच्या डाव्या हाताचं कातडं जरा ताणलं, आणि हिरवी अक्षरं एकाएकी जुळून आली... दगडू. आईला वाचता येत नाही. 

दगडू म्हणजे आत्याचा नवरा. लग्नाच्या वर्षी जत्रेत तिने हौसेने ते नाव मनगटाच्या वर गोंदवून घेतलं होतं. दोन वर्षांत त्याने दुसरी बायको केली आणि आत्या माझ्या वडिलांकडे आली ती कायमचीच. तेव्हापासून तिच्या पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत. भर उन्हात कांदे काढतानाही तिने त्या कधी दुमडल्या नाहीत. कुणी विचारलं तर सांगायची, ऊन सोसत नाही.

मागच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. वय साठीचं, त्यात पोटाला कमी. हाडावरचं मांस गेलं आणि कातडी सैल पडली. एका रविवारी तिने मला परसात बोलावलं, बाही वर केली आणि म्हणाली, "तू मास्तरीण हाईस. वाचून दाव, काय हाय?"

मी वाकून पाहिलं. शाई पसरली होती, अक्षरं सुरकुत्यांत शिरली होती. नुसता हिरवा डाग. काहीच लागत नाही, म्हणाले. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं, आणि तेव्हा ते खरंच होतं. ती हाताकडे बघत म्हणाली, पुढच्या खेपेला पोलक्याचं कापड आण.

म्हातारपणाला आपण सगळेच भितो. मीही आरशात डोळ्यांखालच्या रेघा बघत उभी राहते. आत्या मात्र त्याचीच वाट बघत आली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

आखूड बाह्यांचं पोलकं घालून ती माझ्याबरोबर गावच्या बाजारात आली आणि बांगड्या भरायला कासारणीपुढे बसली. कासारणीने तिचा हात दाबून पाहिला. इतकी वर्षं ऊन न लागलेली ती कातडी, तो हिरवा डाग सोडला तर, सैल असली तरी गोरी, नितळ होती. हात लई जपलाय आक्का, ती म्हणाली.

"जपला न्हाई बाई. लपवला हुता," आत्या म्हणाली, आणि तिने दुसरा हात पुढे केला.