पुष्पावतीची टर्म

नगरजवळच्या सावेडीत तेव्हा बंगले मोजके आणि वावरं भरपूर होती. भिमाजी कातोऱ्यांची विहिरीपलीकडची जमीन हाउसिंग सोसायटीच्या प्लॉटसाठी गेली, तेव्हा मोजणीला आलेल्या माणसांनी बांधावर तिपाई रोवली आणि तिच्यावर दुर्बीण बसवली. भिमाजींची धाकटी मुलगी पुष्पावती नववीत होती. ती शाळा बुडवून दिवसभर तिथंच उभी राहिली. शेवटी मोजणीदाराला दया आली आणि त्यानं तिला दुर्बिणीला डोळा लावू दिला. लांब पट्टी धरून उभा असलेला माणूस तिला डोकं खाली, पाय वर असा दिसला.

"उलटंच दिसतं त्यात," मोजणीदार म्हणाला. "वाचायची सवय लागते मग."

पुढं इंटर सायन्सला चांगले मार्क पडले आणि पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नाव लागलं, तेव्हा तिनं कुणालाही न विचारता सिव्हिल शाखा लिहून टाकली. वर्गात ती एकटीच मुलगी. घरात आईनं कपाळाला हात लावला. बोलली ती रंगुआत्या, म्हणजे भिमाजींची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती भावाकडंच राहत होती आणि घरातली म्हैस, चूल आणि माणसं अशा सगळ्यांवर तिचाच हुकूम चाले.

"दगडमाती उपसायला शिक्षान कशाला लागतं?" ती म्हणाली. "आमी तर फुकटच उपसतो की."

पहिली दोन वर्षं पुष्पावतीनं रेटली. दुसऱ्या वर्षी विजेच्या विषयात ती घसरली, पण एटीकेटीचा नियम होता. एखाददुसरा विषय राहिला तर पुढच्या वर्गात बसता येई आणि राहिलेला विषय मागाहून सोडवता येई. तिनं तो ऑक्टोबरात सोडवला. आता तिसरं वर्ष मोकळं झालं, असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात सर्व्हे कॅम्प आला. डिसेंबरात व्हायचा तो युद्धामुळं पुढं ढकलला गेला आणि बहात्तरच्या जानेवारीत ठरला. जागा होती जामखेड तालुक्यातलं खर्डा. गावाबाहेर पाझर तलावाची एक जागा सुचवलेली होती. मुलांनी गावच्या शाळेत राहायचं आणि त्या जागेची मोजणी करायची. सर्व्हे शिकवणाऱ्या कुलथेसरांनी पुष्पावतीला खोलीत बोलावून घेतलं.

"कातोरे, एखाद्या विषयात नापास झालात तर एटीकेटी आहे," सर म्हणाले. "कॅम्पला एटीकेटी नाही. कॅम्पच्या कामावर माझी सही झाली नाही तर टर्म ग्रँट होत नाही. टर्म नाही तर परीक्षेला बसता येत नाही, आणि मग हेच वर्ष पुन्हा."

"मला कॅम्प चुकवायचा नाहीच, सर. मला यायचंय."

"अडचण तीच आहे." सरांनी समोरचं पेन उगाच सरळ केलं. "मुलींची सोय आजवर कधी केलेली नाही. तुम्हाला कॉलेजच्या मैदानावरच काम द्यावं का, असं मी विद्यापीठाला विचारलं होतं. नाही म्हणाले. नियमात मुलगा-मुलगी काही नाही. 'प्रत्येक विद्यार्थ्याने' एवढंच आहे."

"मग त्या प्रत्येकात मीपण आलेच ना, सर?"

सरांना हसू आलं.

"आलात," ते म्हणाले. "असं करा, घरची कोणी बाई सोबत आणा. आई, आजी, कोणीही. शाळेत एक वेगळी खोली मी मागून घेतो. पण सोबत नसेल तर प्राचार्य सोडणार नाहीत, आणि त्यांच्याशी मी भांडू शकणार नाही."

कॅम्प सोमवारपासून होता. शनिवारी पुष्पावती नगरच्या गाडीत बसली. घरी पोचली तर थोरली बहीण बाळंत होऊन पडलेली, आईचे हात तान्ह्या बाळाच्या लंगोटांत. आई येणं शक्यच नव्हतं. रात्रीच्या जेवणाला तिनं सगळं सांगितलं, तसं भिमाजींनी हळूच बहिणीकडं पाहिलं.

"मी?" रंगुआत्या उसळली. "आन म्हस कोन पिळंल? पोरांच्या घोळक्यात जाऊन बसू व्हय या वयात? न्हाई जमायचं."

पुष्पावती ताट उचलून उठली. वर्ष गेलं, असं तिनं मनाशी धरूनच टाकलं. पुढच्या वर्षी तरी कोण मोकळं असणार होतं?

सकाळी ती तोंड धुवायला बाहेर आली, तर ओट्यावर गाठोडं बांधून ठेवलेलं. शेजारी पितळी तांब्या. आत्या केस विंचरत होती.

"म्हशीचं रतनबाईला सांगितलंय," ती मान वर न करता म्हणाली. "येष्टी कवा हाय?"

रतनबाई म्हणजे शेजारीण. आत्यानं तिला पहाटेच उठवलं होतं.

जामखेडची गाडी भरलेली होती. चिचोंडीपर्यंत आत्या खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम बोलायला लागली.

"मी दुसरीपर्यंत साळंत गेल्ते, ठाव हाय का तुला?"

पुष्पावतीला ठाऊक नव्हतं.

"साळा तिकडं नगरात, तोफखान्यापाशी. मी आन चुलत्याची पुतळा, दोघी जायचो. पुतळाचं लगीन झालं. मग मला संगं कुनी न्हवतं, म्हनून बापानं घरी बसिवलं." ती पुढं म्हणाली, "रातभर त्येच आटवत हुतं."

पुष्पावतीनं तिचा हात धरला. आत्यानं तो लगेच सोडवून घेतला आणि गाठोडं नीट मांडीवर ओढलं.

खर्ड्यात शाळेच्या दोन वर्गांत पोरं, एका खोलीत मास्तरलोक आणि कोपऱ्यातल्या लहान खोलीत या दोघी. पहिल्या दिवशी पोरं दबकूनच होती. एरवी मोकळ्यानं गाणी म्हणणारी, पण आत्या दिसली की बिड्या विझवायची. आत्याला ते लवकरच कळलं आणि आवडलंही. आचाऱ्याच्या आमटीला तिनं नावं ठेवली, दुसऱ्या दिवशी स्वतःच फोडणी घातली, आणि मग पोरं तिला आत्या म्हणायला लागली. कुणाचा ताप, कुणाच्या पायातला काटा, सगळं तिच्याकडंच.

काम चारचार जणांच्या गटांत होतं. पुष्पावतीच्या गटातला चौथा मुलगा तापानं आडवा झाला, म्हणून तिघंच उरले. अलीम नगरच्या भिंगारचा, हात नाजूक, नकाशे देखणे काढणारा. गोरक्ष शेवगावकडचा, धिप्पाड, कितीही वजन उचलायला तयार. दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे वाचायचं काम पुष्पावतीचं. उलट्या आकड्यांची सवय तिला केव्हाच झाली होती.

शेवटचं काम सगळ्यांत अवघड. मारुतीच्या पाराच्या पायरीपासून निघायचं, जमिनीचा चढउतार मोजत मोजत तलावाच्या नियोजित बांधावरून फिरायचं आणि परत त्याच पायरीवर यायचं. पायरीची उंची सुरुवातीला जेवढी धरली, तेवढीच शेवटी निघाली पाहिजे. थोडा फरक चालतो, पण थोडाच. हिशेब जुळला नाही तर सही नाही.

गावच्या किल्ल्याच्या तटामागं ऊन कलत असताना तिघं पायरीवर परत आले आणि पुष्पावतीनं बेरजा केल्या. फरक नऊ सेंटिमीटरचा निघाला. तिनं पुन्हा बेरजा केल्या. पुन्हा नऊ.

"वाचण्यात काहीतरी झालं असेल," अलीम चाचरत म्हणाला. तिला ते झोंबलं, कारण तिच्याही मनात तेच आलं होतं.

कुलथेसरांनी आकड्यांवर नजर फिरवली. बाकीच्या गटांच्या सह्या झालेल्या होत्या.

"उद्या दुपारी सामान ट्रकमध्ये चढणार," ते म्हणाले. "तोवर चूक सापडली तर मी सही करीन. आकडे जुळवून आणाल तर मात्र करणार नाही. मला ते लगेच कळतं."

त्या संध्याकाळी पुष्पावती जेवली नाही. आत्यानं दोनदा विचारलं, तिनं काही सांगितलं नाही. आपल्यासाठी म्हैस सोडून आलेल्या बाईला काय सांगायचं, की वाचताच आलं नाही म्हणून वर्ष गेलं?

सकाळी उजाडताच ती तिघं वावरात. सगळा फेरा नव्यानं करायला वेळ नव्हता. पण वाटेत एका विहिरीचा दगडी कठडा होता, त्याची उंची कालच घेतलेली होती. आधी पायरीपासून कठड्यापर्यंत मोजलं. कालचेच आकडे आले, मिलिमीटरचा काय तो फरक. पुष्पावतीच्या जिवात जरा जीव आला. निदान निम्मं तरी तिनं बरोबर वाचलं होतं.

"म्हणजे चूक कठड्याच्या पुढं," ती म्हणाली. "कठडा झाल्यावर आपण काय केलं?"

"जेवलो," गोरक्ष म्हणाला.

तिघंही कालच्या जेवणाच्या चिंचेखाली गेले. काल जेवणाआधी त्यांनी तिथून चार पावलांवर, उन्हातल्या एका दगडावर पट्टी उभी धरली होती. दुर्बीण पुढच्या जागी हलवली की त्याच दगडावर पट्टी पुन्हा धरायची असते, म्हणून मधल्या वेळात दगडाला हात लावायचा नाही, एवढा साधा नियम.

"दुर्बीण मी जेवणानंतर हलवली," पुष्पावती म्हणाली. "मधल्या वेळात या दगडाला कोणी हात लावला होता?"

गोरक्षचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"आत्या भाकरी घेऊन आल्या होत्या ना! त्यांना बसायला म्हणून मीच लोटला सावलीत. जेवण झाल्यावर परत जागेवर नेऊन ठेवला की."

"ठेवला, पण कोणती बाजू वर?"

गोरक्ष वाकून दगड उलटसुलट करून बघायला लागला. अलीम आधी हसायला लागला. मग पुष्पावतीलाही आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती मटकन बांधावरच बसली. तिचं वाचन बरोबर होतं. एकही आकडा चुकलेला नव्हता.

"मला दोन थोबाडीत द्या," गोरक्ष म्हणाला.

"नंतर," ती म्हणाली. "आधी पट्टी धर."

कठड्यापासून बांधावरच्या पहिल्या पक्क्या खुंटीपर्यंत त्यांनी पुन्हा मोजणी केली. खुंटीची उंची कालच्यापेक्षा जवळजवळ नऊ सेंटिमीटरनं बदलली. तिथून पुढचे कालचेच आकडे लावले, आणि पायरीवर येईतो फरक चार मिलिमीटरवर आला. पोरं सतरंज्या गुंडाळत होती तेव्हा तिघं धापा टाकत शाळेत पोचले. पुष्पावतीनं काहीही न लपवता दगडाची हकिगत सरांना सांगितली. सरांनी ती शेवटपर्यंत गंभीर चेहऱ्यानं ऐकली.

"म्हणजे तुमच्या सोबतीसाठी मी ज्या बाईंना बोलावलं, त्यांच्याच बसण्यानं तुमची टर्म जात होती," ते म्हणाले आणि मग खो खो हसले. सही केली. शाई वाळेपर्यंत पुष्पावती तिथंच उभी होती.

आत्या खोलीत गाठोडं बांधत होती. तिला सगळं कळलं तेव्हा ती आधी घाबरली.

"आगं बया! माज्या बुडापायी पोरीचं वरीस जात हुतं?" मग गोरक्षकडं वळून म्हणाली, "मला भुईवर बसाया येत न्हाई का रं? तुज्या आयनं लई चांगलं वळन लावलंय, पर माज्यावर कशाला दाखवायचं?"

गोरक्ष तिच्या पाया पडला. आत्यानं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि उरलेला शेंगदाण्याचा लाडू त्याच्याच हातावर ठेवला. परतीच्या गाडीत जामखेड यायच्या आत दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपी गेल्या होत्या. नगरच्या स्टँडवर कंडक्टरनं त्यांना उठवलं.

पुढं पुष्पावती इंजिनिअर झाली. दुष्काळाच्या कामांवर तालुकाभर हिंडली, स्वतःच्या हाताखालच्या पोरांना दुर्बीण शिकवली, लग्न केलं, सावेडीतच घर बांधलं. पदवीच्या समारंभाबद्दल तिला फारसं आठवायचं नाही. ती सांगायची ती त्या एप्रिलातली दुपार. टर्म ग्रँट झालेल्यांची नावं लागली होती आणि कॅम्पच्या सगळ्या कटकटीनंतरही, कुठं काही राहिलं तर नसेल ना, अशी धास्ती तिला होतीच. नाव होतं. तिनं ते बोट ठेवून वाचलं आणि रस्त्यावर आली. समोरच्या रसवंतीत बर्फ घातलेला एक ग्लास रस घेतला, मग दुसरा. परीक्षा अजून व्हायची होती, अभ्यासही बराच राहिलेला. तरी होस्टेलवर येऊन तिनं पुस्तकं तशीच पडू दिली, पंखा लावला आणि दिवेलागणीपर्यंत गाढ झोपली.