श्रावणानंतरची ब्रँडी

खोटं बोलायचंच असेल तर मुदत नसलेलं बोलावं, हे मी बेसिंगस्टोकमध्ये शिकले.

बाबा त्या उन्हाळ्यात पुण्याहून माझ्याकडे इंग्लंडला राहायला आले होते. शेजारी एक रिटायर झालेले इंग्रज गृहस्थ एकटेच राहतात. कुंपणावरून टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलता बोलता दोघांची गट्टी जमली. ऑगस्टमधल्या एका शनिवारी त्यांनी बाबांना बिअर देऊ केली आणि बाबांनी तोंड उघडायच्या आत मी मध्ये तडमडले. "सध्या आमचा श्रावण चालू आहे. होली मंथ. बाबा ड्रिंक घेत नाहीत."

खरं असं होतं की बाबांनी नऊ वर्षांपूर्वी दारू सोडली होती, आणि त्याआधी आमच्या घरात तिचंच राज्य होतं. आमच्याकडे तो शब्द कोणी उच्चारत नसे. "ह्यांना बरं नाहीये," असं आई लोकांना सांगायची. मी तिचीच मुलगी. माझ्या शाळेच्या वयात बाबा घरी आले की मी धावत जाऊन दारातच त्यांना मिठी मारायची. लोकांना माझं कौतुक वाटायचं. मी खरं तर वास घेत असायची. आता एका घोटानं ती नऊ वर्षं पाण्यात जातील, ही भीती माझ्या मनातून कधी गेलीच नाही.

शेजारी सज्जन निघाले, हीच पंचाईत. श्रावण कधी संपतो ते त्यांनी फोनवर बघून ठेवलं आणि तो संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी दारात हजर. "आता तुमचा महिना झाला ना? संध्याकाळी या. चांगल्या सोबतीसाठी एक बाटली राखून ठेवलीय." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी बाबांना म्हटलं, डोकं दुखतंय म्हणून सांगू. बाबा शर्टाला इस्त्री करत होते. "जाऊ या की. माणूस चांगला आहे," म्हणाले.

बाटलीत कोन्याक नावाची फ्रेंच ब्रँडी होती, पस्तीस वर्षं ओकच्या पिंपात मुरलेली. मोठ्या पोटाच्या तीन ग्लासांत त्यांनी थोडी थोडी ओतली. रंग गुळाच्या पाकासारखा. लगेच प्यायची नाही, आधी तळहाताच्या उबेत धरायची, असं ते समजावत होते. पिंपातून दरवर्षी थोडी उडून जाते म्हणे, आणि तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. बाबांनी ग्लास उचलला. नाकाशी नेला. डोळे मिटले. शेजारी पुढे काय बोलले ते मला ऐकूच आलं नाही, मी बाबांच्या गळ्याकडे बघत होते.

बाबांनी ग्लास खाली ठेवला.

"सर, सॉरी," ते त्यांच्या सरकारी इंग्रजीत म्हणाले, "मुलीनं सांगितलं ते खरंच आहे. फक्त माझा श्रावण नऊ वर्षं चालू आहे. माझ्या दिवसांत मी देवदूतांच्या वाट्याचीही पिऊन टाकली."

शेजारी खो खो हसले. बाबांचा ग्लास त्यांनी हळूच उचलून आत नेला आणि स्वयंपाकघरातून विचारलं, "टी? मिल्क, टू शुगर्स?" माझा जीव भांड्यात पडला.

"तू घे," बाबा मला म्हणाले, "आणि कशी लागते ते सांग."

मी जन्मात कधी दारूला शिवले नव्हते. कारण समोरच बसलं होतं. पण त्या संध्याकाळी एक घोट घेतला आणि त्यांना सांगत गेले. "आधी मनुका. मग संत्र्याची वाळलेली साल. जरासं जायफळ. आणि शेवटी जुनं लाकडी कपाट उघडल्यावर येतो ना, तो वास. गिळल्यावरही बराच वेळ तोंडात राहते, बाबा."

"जळजळते?"

"नाही. नुसती ऊब येते."

"मग ती आपल्या ओळखीची नाही," म्हणत त्यांनी चहाचा घोट घेतला.

बाहेर अजून उजेड होता. चार पावलांवर आमचं घर. बाबा पुढे होते. कुलूप उघडून ते उंबरठ्यावरच वळले आणि त्यांनी मला मिठी मारली. बाबा असं कधी करत नाहीत. माझ्या तोंडाजवळ नाक आणून त्यांनी मोठ्ठा श्वास घेतला.

"हं," ते म्हणाले, "मनुकाच आहेत."