पडदाभर आई

माझ्या वडिलांची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती.

हे लिहायला मला एक वर्ष उशीर झालाय. आज बापूंचं वर्षश्राद्ध.

दादा हे वाचेल, सोयरेही वाचतील. वाचू दे.

दादाने बीडमध्ये बंगला बांधला, तेव्हा वरची एक खोली फक्त होम थिएटरसाठी ठेवली. प्रोजेक्शन टीव्ही घ्यायचा ठरला. मी शाळेत शिकवते, इंग्रजी माहितीपत्रक वाचता येतं, म्हणून मला दुकानात सोबत नेलं.

बापू कुणी न बोलावता गाडीत येऊन बसले.

"बापू, तुमी कावून? लई येळ लागंल तिथं," दादा म्हणाला.

"लागू दे. मला एक इचारायचंय."

दुकानात सेल्समन लेझर, ल्युमेन, इंच असं बरंच काही बोलत होता. बापूंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात माणूस माणसाएवढा दिसंल का?"

"माणसापेक्षा मोठा दिसेल, बाबा."

"मोठा नको. व्हता तेवढाच पायजे."

सगळे हसले. बापू कुणाबद्दल बोलतायत हे मला कळलं होतं. तरी मीही हसले.

आमची आई दादाच्या लग्नानंतर वर्षभरात गेली. शिरूर कासारहून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी बाई, फोटो कधी काढणार? मतदान ओळखपत्रावर एक आहे, अंगठ्याएवढा, काळपट.

आणि दादाच्या लग्नाची कॅसेट. हळदीच्या वेळी आई कॅमेऱ्याकडे बघते, लाजते, पदर तोंडाला लावून निघून जाते.

बस. हालती-चालती आई एवढीच उरली होती. ती आता दादाने पेनड्राइव्हवर घेतली होती.

बापू पडद्याशेजारी जाऊन उभे राहिले. खांद्याशी हात आडवा धरून मला म्हणाले, "हितवर लागायची तुझी माय."

पडदे दोन आकारांचे होते. एक जुन्या टीव्हीसारखा चौकोनी, दुसरा सिनेमासारखा रुंद. सेल्समनने नीट सांगितलं होतं, "जुनं शूटिंग रुंद पडद्यावर लावलं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील."

मी म्हणाले, रुंदच घेऊ. आता सगळं रुंदच असतं.

मी म्हणाले. दादा नाही.

फिटिंगवाला आला त्या दिवशी दादाला त्या पट्ट्या दिसल्या.

"हे काय? एवढं रान घेतलंय आन् दोन्ही बांधाकडनं पडीक ठेवायचं?"

फिटिंगवाल्याने रिमोटचं एक बटण दाबलं. चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलं. दादा खूश.

उद्घाटनाला सोयरे आले, दादाचे कार्यकर्ते आले. नारळ फुटला. बापू नवी टोपी घालून पहिल्या खुर्चीवर. पहिला मान लग्नाच्या शूटिंगला.

हळद लागली. आई आली.

गाल दोन्हीकडे पसरलेले. मान जवळजवळ नाहीच. खांदे पैलवानासारखे.

"काकू खात्यापित्या घरच्या दिसतेत की," मागून कुणीतरी म्हणालं.

माझ्या आईचा दंड माझ्या मुठीत मावायचा.

बापू उठून उभे राहिले. "ही ती न्हाई."

"बापू, आईच हाय. लुगडं बघा की," दादा म्हणाला.

"लुगडं तिचं हाय. बाई ती न्हाई."

एका सोयऱ्याने विचारलं, "मग दुसरी कुठं ठिवली व्हती का, बापू?"

खोली हसली. दादाही हसला.

बापू जिना उतरून खाली गेले. परत कधी वर आले नाहीत.

आठ दिवसांनी दादा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. "बायकोलाच ओळखंनात," म्हणाला. बापूंनी वार सांगितला, महिना सांगितला, मेलेल्या बैलांची नावंसुद्धा सांगितली. आईचं विचारलं की मात्र, "ती न्हाई ती."

गोळ्या सुरू झाल्या. ते दिवसभर पेंगायला लागले. घरातले त्यांच्याशी मोठ्याने, तोडून तोडून बोलायला लागले. शेतातलं, घरातलं काही विचारायचं बंद झालं.

आणि मी? मी दर रविवारी जाऊन त्यांना विचारायची, "बापू, मी कोण? सांगा बरं."

पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तू बी का, माय?"

नंतर ते उत्तरच देईनात. तेही मी आजारातच धरलं.

गेल्या महिन्यात शाळेत आम्ही स्नेहसंमेलनाचं जुनं शूटिंग लावलं. नाचणाऱ्या सगळ्या मुली बसक्या, जाडजूड दिसत होत्या. आमच्या तांबोळी मॅडम म्हणाल्या, "अगं, हे ताणलं गेलंय. बाजूला पट्ट्या येऊ दे, मग बरोबर दिसेल."

त्यांनी बटण दाबलं. मुली होत्या तशा झाल्या. काटकुळ्या.

ते बटण कुठलं, हे मी त्यांच्याकडून बघून घेतलं.

शाळा सुटल्यावर तशीच दादाकडे गेले. त्याला वर नेलं. हळदीचं शूटिंग लावलं. बटण दाबलं.

आई बारीक झाली. गळ्याची हाडं दिसली. हनुवटीवरचं गोंदण, जे त्या दिवशी नुसता डाग वाटलं होतं, ते तीन ठिपक्यांचं गोंदण दिसलं.

दादा दाराला धरून उभा होता. आईने पदर तोंडाला लावला आणि ती गेली.

पडदा बंद करून तो म्हणाला, "कुणाला बोलू नको हे."

दादा, सोयऱ्यांसमोर हसलो होतो आपण. मग सोयऱ्यांसमोरच बोलायला नको?

बापू, तुमचं बरोबर होतं. त्या घरात आईला ओळखणारे तुम्ही एकटे होता, आणि आम्ही तुम्हाला त्याच्या गोळ्या दिल्या.

मी कोण, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. मला नव्हतं.

तुमच्या पायावर डोकं ठेवते. जमलं तर माफ करा.