दाराची मोटर

बस डेपोत बावीस वर्षं इंजिनं उतरवली-चढवली, म्हणून तिला सगळे फिटरबाई म्हणत. चिडवायचं असलं की नवराही तसंच म्हणे. ती निवृत्त झाली त्याच वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. मग तिनं चाकाची खुर्ची थेट आत ढकलता येईल अशी नवी व्हॅन घेतली. बटण दाबलं की बाजूचं दार सरकायचं आणि फळी खाली यायची. आठवड्यातून तीनदा त्याला व्यायामोपचाराला नेणं सोपं झालं.

दुसऱ्या वर्षी दाराची मोटर जळाली. कंपनीच्या केंद्रात म्हणाले, मोटर सुटी मिळत नाही, अख्खं दार बदलावं लागेल, सहा आठवडे थांबा. बाई थांबणाऱ्यातली नव्हती. भंगारवाल्याकडे याच मॉडेलची, पुढून चेपलेली व्हॅन पडली होती. तिची मोटर काढून, साफ करून, फिरवून बघून तिनं एका दुपारात आपल्या गाडीत बसवली. बटण दाबलं. दार ढिम्म. कुलूपही सुटेना, त्यामुळे हातानं ओढायचीही सोय नाही. गाडीतल्या पडद्यावर अक्षरं आली : 'अनोळखी भाग. अधिकृत केंद्राशी संपर्क साधा.'

"अनोळखी? तुझ्याच कारखान्यातली आहे ना मेल्या!" ती गाडीवरच ओरडली.

दुसऱ्या दिवशी तिनं आणि धाकट्या दिरानं नवऱ्याला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. ओढाताणीत त्याची उजवी नडगी सोलवटली. त्याला कळलंही नाही. रक्त बघून हिच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. जखमेवर पट्टी बांधली आणि गाडी थेट केंद्राकडे वळवली.

"काकू, तुम्ही गाडी उघडायलाच नको होती," काउंटरवरचा म्हणाला.

"गाडी माझी आहे."

"गाडी तुमची, पण सॉफ्टवेअर कंपनीचं."

मॅनेजर हसत आला. "हे सगळं तुमच्याच सुरक्षिततेसाठी असतं, मॅडम."

"मग या, तपासा. एक बोल्ट ढिला निघाला तर गुपचूप परत जाते."

"बाहेरचं काम आम्ही तपासत नाही."

"म्हणजे बघायचंही नाही, आणि चुकलंय हे मात्र माहीत!"

ती तरातरा बाहेर आली आणि व्हॅन फाटकात आडवी लावली. आतल्या गाड्या आत, बाहेरच्या बाहेर. हॉर्नचा नुसता कल्लोळ. मॅनेजर धावत आला. "पोलीस बोलावीन!"

"बोलवा. त्यांना ही नडगी दाखवते."

आतून नवरा अडखळत म्हणाला, "मला... घाई नाही. एसी तेवढा... चालू ठेव."

मागचा टेम्पोवाला खो खो हसला. "मला साधा दिवा बदलायलाही यांच्याच दारात यावं लागतं," म्हणाला, आणि त्यानं हॉर्न बंद केला. मग इतरांनीही केला.

तेवढ्यात वर्कशॉपमधून वयस्कर फोरमन लॅपटॉप घेऊन आला. मॅनेजरकडे न बघता तो दारापाशी वाकला.

"बोल्ट कशानं आवळलेत?"

"टॉर्क पान्यानं, माप लावून. अंदाजपंचे काम करत नाही मी."

"दिसतंय," तो म्हणाला. त्यानं वायर जोडली, काहीतरी टाइप करून मोटरची गाडीत नोंद केली. दार सरकलं.

तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती जास्तच भडकली. "दोन मिनिटं! दोन मिनिटांच्या कामासाठी सहा आठवडे बसवणार होतात मला?" "आधी व्हॅन बाजूला घ्या," म्हणत मॅनेजर गाड्यांना वाट करून द्यायला निघून गेला.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं : अनधिकृत बदल केल्यामुळे संपूर्ण गाडीची वॉरंटी रद्द. बाईनं ग्राहक मंचात तक्रार ठोकली. कंपनीच्या वकिलानं दोनदा पुढची तारीख मागून घेतली.

"वहिनी, दार उघडतंय ना आता? सोडून द्या," दीर म्हणाला.

"त्यांनी उघडू दिलं म्हणून उघडतंय," ती फणकारली. "माझ्या गाडीचं दार, भावोजी! माझ्या!"

तिसरी तारीख पुढच्या महिन्यात आहे. ती जाणार आहे.