जिप्सोचे चार वाफे

भित्र्या माणसाकडे किस्से लवकर साचतात. इतरांच्या शेतात पाण्याचा पाइप निखळला, तर नुसता पाइप निखळतो. आमच्याकडे पाइप निखळला की मी "साप!" म्हणून किंचाळते, मामी विळा घेऊन धावते, शेजारच्या शेतातून दोघं काठ्या घेऊन येतात आणि झाला किस्सा! आता तर मैत्रिणी फोनवर "कशी आहेस?" विचारतच नाहीत. थेट "आज काय झालं?"

आधी एवढं सांगते. बॉटनीत बी.एस्सी. झाल्यावर मी उमरेडजवळच्या आमच्या मामीच्या मागे लागून लागून तिच्या मिरचीतले चार वाफे मोडायला लावले आणि तिथे जिप्सो लावला. बुकेत गुलाबांच्या आजूबाजूला बारीक पांढरी फुलं असतात ना, ती. हल्ली नवरीच्या अंबाड्यातही माळतात.

मामीची अट सरळ होती. "एक हंगाम देतो तुले. जमलं तं जमलं. नाही तं वाफ्यात परत मिरची, अन् तू मुकाट्यानं बँकेच्या परीक्षेले बसजो."

तेव्हापासून मोबाइल नुसता थरथरला तरी वाटतं, बँकेच्या परीक्षेची तारीखच आली.

* * *

पहिली फुलं आली. मी आनंदानं मामीला हाताला धरून वाफ्यावर नेलं. तिनं कमरेवर हात ठेवून पाहिलं, वाकून पाहिलं, परत सरळ उभी राहिली.

"हे? हे बांधावर उगवलं असतं तं मी उपटून गाईले टाकलं असतं!"

"मामी, याला शहरात फार मागणी आहे."

"कायची? गुलाबाच्या मागं उभं राहाची?"

* * *

जिप्सोला फुलायला मोठा दिवस लागतो आणि हिवाळ्यात दिवस छोटा. म्हणून फुलं यायच्या आधी आम्ही अंधार पडला की दोन-तीन तास वाफ्यांवर बल्ब लावायचो. चौथ्या दिवशी गावातल्या शांताकाकू दारात हजर. नवं पातळ नेसून!

"काहून वं, पोट्टीचं लगीन काढलं अन् आम्हाले सांगितलं बी नाही?"

मी इतकी दचकले की हातातला चहा सांडला. "माझं नाही! कुणाचंच नाही!"

"मंग वावरात लायटिंग कायची?"

मामी शांतपणे म्हणाली, "फुलं अभ्यास करून राहिली, काकू. बँकेची परीक्षा हाय त्याईची."

* * *

जिप्सो दिसायला जितका नाजूक, वासाला तितका नाही. एखाददुसऱ्या काडीचा कळत नाही, पण भरलेली बादली बंद जागेत ठेवली की नासलेल्या दुधासारखा वास सुटतो. हे मला कळलं ते एसटीत!

नागपूरच्या महाल भागात एका ताईंचं नवरीच्या केसांच्या सजावटीचं दुकान आहे. त्यांना नमुना दाखवायला निघाले होते. खिडक्या बंद, बस गच्च. दहा मिनिटांत मागून एक बाई ओरडली, "कोणाचं दूध नासलं वं?"

सगळी बस वळून माझ्या शेजारणीकडे बघायला लागली. तिच्या मांडीवर तान्हं बाळ होतं. ती बिचारी बाळाची बाटली हुंगते, परत हुंगते, बाळाला हुंगते! मला बोलायचं होतं, देवाशपथ. पण मी ओढणीनं बादली झाकली आणि नागपूर येईपर्यंत त्या बाळाची मनातल्या मनात माफी मागितली.

ताईंना मात्र फुलं आवडली. लकडगंजच्या एका लग्नाची ऑर्डर मिळाली. "मयूरी, हे नीट झालं तर पुढच्या सीझनचा जिप्सो तुझ्याकडूनच. पण ऐन वेळी दगा नको हं!"

दगा! हा शब्द त्यांनी काढायलाच नको होता.

* * *

लग्नाच्या आदल्या दिवशी मी तीन वाफे कापले. चौथाही कापायला निघाले, तर मामी आडवी आली. "मिरचीची सवय हाय मले. एका तोड्यात सगळं झाड मोकळं करत नाही मी." अर्धा तास वाद घातला. शेवटी हरले आणि संध्याकाळी चरफडत बादल्या देवघरात नेऊन ठेवल्या, कारण घरात सगळ्यात गार खोली तीच. मांजर शिरू नये म्हणून दार घट्ट लावलं.

त्याच दुपारी, मी वाफ्यात असताना, मामीनं तिथं सत्यनारायण घातला होता. मला न सांगता, माझ्याच ऑर्डरसाठी! देवापुढे पिकलेल्या केळ्यांचा अख्खा घड.

सकाळी दार उघडलं. फुलं मिटून तपकिरी पडली होती.

माझी नजर घडावर गेली. "मामी, केळी! पिकल्या केळ्यातून गॅस निघतो, त्यानं फुलं कोमेजतात. मी पेपरात लिहिलंय हे. दहापैकी नऊ मार्क पडलेत!"

"मंग काल काहून नाही आठवलं?"

"काल... पेपर नव्हता!"

मामीनं माझ्याकडे एकदा पाहिलं, कोपऱ्यातला विळा उचलला आणि चौथ्या वाफ्याकडे चालायला लागली.

* * *

मुहूर्त दुपारचा होता. सकाळच्या बसनं दोघी निघालो, बादल्या मामीच्या पायाशी. फुलं पुरतील की नाही म्हणून मी वाटेत तीनदा काड्या मोजल्या.

हॉलच्या खोलीत ताई एकेक काडी अंबाड्यात खोवत होत्या. मामी भिंतीला टेकून बघत होती. शेवटी न राहवून तिनं विचारलं, "गुलाब कुठं हाय?"

"गुलाब नको म्हणाली नवरी. नुसता जिप्सो."

मामी भिंत सोडून पुढं सरकली. नवरीनं आरशात पाहिलं. डावीकडून, उजवीकडून. मग ती ताईंना म्हणाली, "रिसेप्शनलाही हेच राहू दे. कुणाला हात लावू देऊ नका."

* * *

परतीची बस. खिडक्या बंद. एक बादली रिकामी, दुसरीत उरलेल्या काड्यांची जाडशी जुडी. मला विचारायचं होतं की आता वाफ्यात काय, पण हिंमत होईना. मामी खिडकीबाहेर बघत होती. तिच्या अंबाड्यात जिप्सोची एक काडी होती. कधी खोवली, मी पाहिलं नव्हतं.

उमरेड अर्ध्यावर आलं असेल. पुढच्या सीटवरची बाई नाक मुरडत मागे वळली.

"कोणाचं दूध नासलं वं?"

मी दचकले. पण या वेळी सांगून टाकायचंच म्हणून दांड्याला धरून उभी राहिले. तोंड उघडणार, तेवढ्यात मामीनं माझा हात ओढून मला खाली बसवलं.

"दूध नाही, बाई. फुलं हाय आमची," ती सगळ्या बसला ऐकू जाईल अशी म्हणाली. "यंदा चारच वाफे होते म्हणून एवढाच वास हाय. पुढच्या साली तुम्ही बस बदलून घ्या वं!"