टाकीचं उदाहरण

वैजनाथ आमच्या मांजरी गावातल्या सोसायटीत पाणी सोडतो. सहा इमारती, सहा गच्च्या, सहा लोखंडी शिड्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला. खाली पंपाच्या खोलीत खुर्चीवरची जागा निघाली होती, पण अट होती दहावी पास. त्याने बाहेरून फॉर्म भरला. बाकीचे विषय मार्चमध्ये सुटले, गणित तीन गुणांनी राहिलं.

मी तेहतीस वर्षं दहावीला गणित शिकवलं, शिवाय सोसायटीचा सेक्रेटरी. त्यामुळे तो उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेऊन माझ्याकडे आला. टाकीचं उदाहरण होतं. मोठ्या नळापेक्षा लहान नळाला आठ तास जास्त लागतात, दोन्ही मिळून टाकी तीन तासांत भरते, तर प्रत्येकाला किती? वैजनाथने लिहिलं होतं, ‘मोठा ४, लहान १२.’ बरोबर होतं. चारपैकी एक गुण.

“रीत कुठाय?” मी विचारलं.

“रीत कशाला सर? टाकी डोळ्यासमोर हाय की.”

मला राग आला. रीत न लिहिणाऱ्यांचे गुण मी आयुष्यभर कापले आहेत आणि मला शांत झोप लागते. दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोनला शिकवणी सुरू केली.

“मोठ्या नळाला क्ष तास लागतात असं मानू,” मी म्हणालो.

“मानायचं कशाला? वर जाऊन बघून येतो.”

तो खरंच उठला. गुडघा धरून पुन्हा बसला. क्षला राजी व्हायला त्याला अकरा दिवस लागले. मग मात्र दिलेली माहिती, मानलेलं, समीकरण, अवयव, उत्तर असं ओळीखाली ओळ लिहायला लागला. “काही झालं तरी रीत सोडायची नाही,” मी रोज बजावत होतो.

जुलैच्या परीक्षेत पुन्हा टाकी आली. बोर्डाला टाक्यांची हौस आहे. या वेळी लहान नळाला सहा तास जास्त, दोन्ही मिळून चार तास.

निकालात त्याला पस्तीस पडले. मी पेढे मागवले. तो पेढा हातात धरून बसून राहिला. पुन्हा छायाप्रत काढून आणली होती त्याने. टाकीच्या उदाहरणाला चारपैकी तीन गुण. अवयव पाडताना चिन्हं उलटी झाली होती आणि मोठ्या नळाचं उत्तर आलं होतं चार तास.

“मोठा एकटा चार तासांत भरतोय, दोघं मिळूनबी चार तासांतच,” तो म्हणाला. “मग लहान नळ काय करत होता, सर?”

“हे तुला तिथे कळलं नाही?”

“लगेच कळलं. सहा आणि बारा पायजे होतं.”

“मग खोडलं का नाहीस?”

“रीतीनं आलं होतं. तुम्ही म्हणालात, सोडायची नाही.” त्याने पेढा परत डब्यात ठेवला. “बरोबर लिहिलं तवा नापास झालो, सर.”

मी डब्याचं झाकण लावलं. लाज वाटली, तीही या वयात.

आता तो खुर्चीवर बसतो. पंपाच्या खोलीत एक वही आहे, तिच्यात पाण्याची पातळी, पंप सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ असे सात रकाने मीच आखले आहेत. वैजनाथ सातही रकान्यांवरून आडवं लिहितो, ‘टाक्या भरल्या.’ मी नळ उघडून बघतो, पाणी असतं. मग खाली जाऊन सही करतो.